गल्लाभरू चित्रपटात स्त्रीवाद मावतो का?

रानजाई

आमच्या वाचनगटाच्या पुढील बैठकीत 'गल्लाभरू चित्रपट खऱ्या अर्थाने स्त्रीवादी असू शकतो का' हा विषय मांडण्याचे काम माझ्याकडे आले आहे. तयारी करताना जिथे अडखळले, ती जागा येथील जाणकारांपुढे ठेवत आहे.

केदार शिंदे दिग्दर्शित आणि वैशाली नाईक लिखित 'बाईपण भारी देवा' ३० जून २०२३ रोजी प्रदर्शित झाला, तेव्हा महाराष्ट्रातील बायकांनी तो झुंडीने पाहिला. नऊवारी नेसून, डोळ्यांवर काळे गॉगल चढवून आलेल्या पन्नाशी-साठीच्या स्त्रिया चित्रपटगृहांच्या आवारात फुगड्या घालत असल्याची दृश्ये त्या पावसाळ्यात सर्वत्र फिरत होती. दुरावलेल्या सहा बहिणी मंगळागौरीच्या स्पर्धेच्या निमित्ताने पुन्हा एकत्र येतात, एवढ्या कथेवर आणि तरुणपण ओसरलेल्या नायिकांच्या बळावर या चित्रपटाने ७० कोटींहून अधिक रुपये मिळवले. 'बायकांच्या गोष्टीला प्रेक्षक कुठे आहे' असे विचारणाऱ्या निर्मात्यांना याहून चोख उत्तर मिळाले नसते.

आमच्या गटात मात्र यावरून दोन तट पडले आहेत. काही जणी म्हणतात की, ज्या वयाच्या बाईला पडद्यावर आजवर देवघरात किंवा स्वयंपाकघराच्या दारात उभे केले गेले, तिला मध्यभागी आणून तिच्याकडे तीन तास पाहायला लावणे हेच मोठे काम आहे. दुसऱ्या जणींचे म्हणणे असे की, 'स्वतःसाठी वेळ काढा' हा संदेश कोणाकडूनच काही मागत नाही. चित्रपट पाहून आलेल्या बाईने घरी येऊन कुकरच लावला आणि तो का लावावा लागतो हे तिला कोणी विचारले नाही.

माझी अडचण या दोन्हींच्या मधली आहे. कोट्यवधींची तिकिटे विकायची तर सासऱ्याला, नवऱ्याला आणि मुलालाही नाराज करून चालत नाही. बाईची बाजू नीट मांडायची तर त्यांपैकी कोणीतरी अस्वस्थ होणारच. मग असे चित्रपट कोणालाही बोचणार नाही एवढेच बोलतात का? की मोजक्या लोकांनी पाहिलेल्या धारदार चित्रपटापेक्षा लाखोंनी पाहिलेल्या बोथट चित्रपटाचा उपयोग अधिक? अशा चर्चेत 'उंबरठा'चे नाव लगेच येते आणि त्याचे मोठेपण मला मान्यच आहे; पण कृपया तो बाजूला ठेवावा, कारण मला गल्ल्याचे गणित मांडून काढलेल्या चित्रपटांविषयी विचारायचे आहे.

तिसरी_घंटा

रानजाईताई, हे कोडे मराठी रंगभूमीने बोलपट येण्याआधीच सोडवायला घेतले होते. गोविंद बल्लाळ देवलांचे 'संगीत शारदा' १८९९ मध्ये रंगभूमीवर आले. तिकिटावर चालणाऱ्या नाटक मंडळीचा तो खेळ होता. लोक पदे ऐकायला यायचे आणि 'म्हातारा इतुका न अवघे पाऊणशे वयमान' या पदाला हसायचे. हसता हसता जरठ-कुमारी विवाहाची लाज वाटू लागावी, ही देवलांची युक्ती होती. पण ते लग्न मोडते कशामुळे, ते पाहा. वर आणि वधू सगोत्र असल्याचे उघड होते म्हणून! एका कोवळ्या मुलीला म्हाताऱ्याला विकणे वाईट, एवढे कारण देवलांना पुरेसे वाटले नाही. शास्त्राचा आधार घेतल्यामुळे पुढच्या रांगेतील शास्त्रीबुवाही निर्धास्त मनाने टाळ्या वाजवू शकले. शारदेला वाचवतात तेही पुरुषच.

त्यानंतर ३८ वर्षांनी प्रभात फिल्म कंपनीने 'कुंकू' हा चित्रपट काढला. विषय तोच, कथा नारायण हरी आपट्यांच्या 'न पटणारी गोष्ट' या कादंबरीची, दिग्दर्शन व्ही. शांताराम यांचे. प्रभात ही काही धर्मादाय संस्था नव्हती. 'दुनिया न माने' या नावाने हिंदी आवृत्तीही त्यांनी सोबतच काढली, म्हणजे बाजारपेठ त्यांना नीट दिसत होती. शांता आपट्यांसारखी गाणारी नायिका घेतली, तिच्या तोंडी लाँगफेलोची इंग्रजी कवितासुद्धा दिली, आणि एवढा सगळा सरंजाम मांडून मधोमध जी गोष्ट ठेवली ती मात्र बिनतडजोडीची होती. फसवून लावलेल्या लग्नात नीरा वृद्ध काकासाहेबांची पत्नी म्हणून नांदायला नकार देते. तिला सोडवायला कोणी प्रियकर येत नाही, 'शारदा'तल्यासारखे गोत्र आडवे येत नाही, शंकराचार्यांचा निर्णय येत नाही. ती स्वतःच्या तोंडाने 'नाही' म्हणते आणि त्याच घरात राहून म्हणत राहते. सावत्र मुलगा अंगचटीला येऊ लागतो तेव्हा छडी उचलते.

हा नकार १९३७ च्या प्रेक्षकाला किती जड गेला असेल, याचा अंदाज रखमाबाईंच्या खटल्यावरून येतो. बालपणी लागलेले लग्न मान्य नाही म्हणून त्या नांदायला गेल्या नाहीत, तेव्हा नवऱ्याने १८८४ मध्ये दावा लावला. १८८७ मध्ये न्यायालयाने नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा असे फर्मावले, आणि रखमाबाईंनी तुरुंगाची तयारी दाखवली. टिळकांसारखे पुढारी त्यांच्या विरोधात होते. 'कुंकू' पाहणाऱ्या ज्येष्ठ प्रेक्षकांना तो गदारोळ आठवत असणार. शिवाय काकासाहेबांच्या समाजसेविका मुलीची भूमिका शकुंतला परांजपे यांनी केली होती, ज्या प्रत्यक्षातही संततिनियमनाचा प्रचार करत होत्या. म्हणजे त्या काळच्या सर्वांत वादग्रस्त स्त्री-प्रश्नावर काम करणारी बाईच प्रभातने पडद्यावर आणून उभी केली.

शेवट मात्र मला नेहमीच खटकतो. काकासाहेबांना आपला अन्याय कळतो, ते नीरेला मुलीसारखी मानू लागतात आणि तिला मोकळे करण्यासाठी पत्र लिहून ठेवून आत्महत्या करतात. स्वातंत्र्य मिळते ते नवऱ्याने दिलेले दान म्हणून. परंतु येथे कायदा लक्षात घ्यावा लागतो. मुंबई प्रांतात हिंदू स्त्रीला घटस्फोटाचा सर्वसाधारण कायदा मिळाला तो १९४७ मध्ये. नीरेला त्या घरातून कायद्याने बाहेर पडता यावे अशी वाटच १९३७ मध्ये नव्हती, त्यामुळे कथाकाराला काकासाहेबांना मारावे लागले. ही तडजोड जितकी गल्ल्यासाठी होती, तितकीच कायद्याने लादलेली होती.

माझे मत असे की, लोकप्रिय कलाकृतीचा शेवट अनेकदा प्रेक्षकाला सुखरूप घरी पोहोचवण्यासाठी असतो. तिचे खरे म्हणणे मधल्या दीड-दोन तासांत होऊन गेलेले असते. 'कुंकू' पाहिलेल्या कोणालाही विचारा, त्याला नीरेचा नकार आठवतो. काकासाहेबांच्या पत्रातील मजकूर आठवत नाही.

कावेरी_म

'कुंकू'विषयीचे विवेचन आवडले, पण तिसरी घंटा यांच्या निष्कर्षात एक सोय दडलेली आहे. शेवट हिशेबात धरायचा नाही असे ठरवले तर कोणताही चित्रपट पास होईल. कोणी बदलायचे आणि कोणी काय सोडायचे, याचा निर्णय शेवटातच होतो. 'कुंकू'मध्ये निदान पुरुष बदलतो आणि किंमत पुरुष मोजतो. गेल्या दहा-पंधरा वर्षांतील तथाकथित स्त्रीकेंद्री यशस्वी चित्रपटांना मी हाच एक प्रश्न विचारते: बाई जिंकली तेव्हा घरातल्या कोणाचे काय गेले?

'दंगल' पाहा. २०१६ मध्ये आलेल्या या चित्रपटाने चीनमधील कमाई धरून जगभरात सुमारे २,००० कोटी मिळवले. त्यात चौदाव्या वर्षी बोहल्यावर चढवली जाणारी मुलगी फोगाट बहिणींना सांगते की, तुमचा बाप तुम्हाला निदान आपली लेकरे तरी समजतो. तो प्रसंग खरोखर चांगला आहे. पण त्या मुलींचे केस कापायचे, खाणे बदलायचे, आयुष्य कुस्तीला वाहायचे, हे सारे ठरवतो बापच, आणि त्यांनी बंड केले की चित्रपट त्यांना चूक ठरवतो. शेवटच्या लढतीच्या वेळी प्रशिक्षक बापाला खोलीत कोंडून ठेवतो, हा प्रसंग तर पदरचा घातलेला आहे. त्यामागची समजूत अशी की, मुलीच्या वाटेतील सर्वांत मोठा अडथळा म्हणजे बाप आणि लेक यांच्यामध्ये येणारा माणूस. पुढे जानेवारी २०२३ मध्ये विनेश फोगाट आणि साक्षी मलिक यांच्यासह कुस्तीगीर दिल्लीत जंतरमंतरवर बसले, ते महासंघाच्या अध्यक्षांवर लैंगिक छळाचे आरोप करत. कुस्तीतल्या मुलींची खरी अडचण कुठे होती ते त्यांनीच सांगितले, आणि एवढ्या मोठ्या चित्रपटाला त्या अडचणीची चाहूलही नव्हती.

'बाईपण भारी देवा'विषयी माझी तक्रार वेगळी आहे. त्यातील अभिनेत्री अप्रतिम आहेत. रोहिणी हट्टंगडी आणि वंदना गुप्ते यांना एकत्र पाहणे हाच एक सोहळा आहे. परंतु चित्रपटाने बाईपणासाठी निवडलेला खेळ कोणता? मंगळागौर. श्रावणातल्या मंगळवारी नवविवाहितेने लग्नानंतरची पाच वर्षे करायचे हे व्रत, मुख्यतः ब्राह्मण आणि त्यांच्या लगतच्या जातींतले, पतीच्या दीर्घायुष्यासाठीचे. पूजेला सवाष्णी लागतात. विधवेला तेथे जागा नव्हती. ज्यांच्या घरी मंगळागौर कधी झालीच नाही त्या बायका महाराष्ट्रात बहुसंख्येने आहेत. त्यांनीही चित्रपटगृहात फेर धरला हे खरे, पण बाईपणाचे चित्र काढताना कोणाचे अंगण घेतले, हे विचारायला हवे.

मंगळागौरीच्या रात्री जागरण करताना जे खेळ होतात, त्यांतले 'नाच गं घुमा' आठवते का? घुमेला नाचायला सांगतात आणि ती तक्रार करते: सोनार आला नाही, जोडवी नाहीत मला, कशी मी नाचू? एकेका दागिन्याचे नाव घेऊन गाऱ्हाणे चालू राहते आणि गाऱ्हाणे गाता गाता ती नाचतेच. सासुरवाशिणीला वर्षातून एक रात्र मोकळे बोलू द्यायचे आणि उजाडले की पुन्हा चुलीपुढे बसवायचे, ही व्यवस्था फार हुशारीची होती. बायकांसाठी काढलेले गल्लाभरू चित्रपट मला त्या जागरणासारखे वाटतात.

पडदा_७०

मी तालुक्याच्या गावी एकपडदा चित्रपटगृह चालवतो. वडिलांपासून हा धंदा आमच्याकडे आहे. वरच्या दोन्ही प्रतिसादांत पडद्यावर काय चालते याचीच चर्चा आहे, म्हणून खुर्चीवर कोण बसते याविषयी थोडे लिहितो.

१९९१ मध्ये 'माहेरची साडी' आला. मूळ कथा राजस्थानी चित्रपटाची, नायिका अलका कुबल, आणि संदेश म्हणाल तर स्त्रीवादाच्या उलट टोकाचा: सोसणारी ती चांगली. तरीही आमच्याकडे खेड्यापाड्यांतून बायका ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून आल्या. एरवी थिएटरची पायरी न चढणाऱ्या बाईला तेव्हा परवानगी मिळाली, कारण तिच्या सासूलाही तो चित्रपट पाहायचा होता. तीन तास रडून त्या परत गेल्या. त्या रडण्यात केवळ नायिकेची कीव होती असे माझ्या वडिलांना कधी वाटले नाही.

२०२३ मध्ये बायका आल्या त्या परवानगी विचारून नव्हे. भिशीच्या गटाने एकगठ्ठा तिकिटे काढली, पैसे आपले आपण भरले, आणि नवरे बाहेर मुलांना घेऊन उभे होते किंवा घरी होते. अमुक खेळाला पुरुष नकोत, असेही काही गटांनी आम्हाला सांगितले. १९९१ आणि २०२३ या दोन चित्रपटांतील विचारात जेवढे अंतर आहे, त्यापेक्षा जास्त अंतर मला त्या दोन गर्दींमध्ये दिसले. कावेरीताई म्हणतात तशी ती एका रात्रीची मोकळीक असेलही. परंतु ती मोकळीक कोणी दिलेली नव्हती, विकत घेतलेली होती, आणि धंदेवाईक माणसाला या दोन्हींतला फरक चांगला कळतो.

दुसरी बाजूही सांगतो. त्याच वर्षी १ डिसेंबरला 'ॲनिमल' आला आणि त्याच खुर्च्या तरुण मुलांनी भरल्या. नायकाने बाईला जोडे चाटायला सांगितलेल्या प्रसंगाला शिट्ट्या पडल्या. चित्रपटगृह दोघांकडूनही तेवढेच पैसे घेते.

रानजाई

सर्वांचे आभार. पडदा_७० यांचा मुद्दा मी बैठकीत नक्की मांडणार आहे. कावेरी, तुमच्या कसोटीला एक चित्रपट लावून पाहावासा वाटतो आणि त्याविषयी अजून कोणीच लिहिलेले नाही. मराठीत १०० कोटींची मजल मारणारा पहिला चित्रपट 'सैराट'. त्याला आपण सहसा जातीचा चित्रपट म्हणतो. तो बाईचा चित्रपट आहे का?

उजनीकाठ

मी करमाळ्याकडचा आहे, जिथे 'सैराट'चे बरेच चित्रीकरण झाले, त्यामुळे थोडे झुकते माप जाईल हे गृहीत धरावे. माझे उत्तर 'हो' असे आहे. त्यातली जात आणि त्यातली बाई वेगळ्या काढता येत नाहीत, म्हणूनच तो बाईचा चित्रपट ठरतो.

२९ एप्रिल २०१६ रोजी प्रदर्शित झालेल्या या चित्रपटाचा पूर्वार्ध सर्व अर्थांनी गल्लाभरू आहे. अजय-अतुलची गाणी, संथ गतीतले धावणे, पाण्यावरचे पक्षी, आणि 'झिंगाट' लागले की खुर्च्या सोडून नाचणारा प्रेक्षक. पण त्या चकचकाटात नागराज मंजुळे यांनी एक उलटापालट केली आहे. वर्गात टक लावून पाहते ती आर्ची, आणि खाली मान घालतो तो परश्या. बुलेट आणि ट्रॅक्टर तीच चालवते. विहिरीत पोहणाऱ्या मुलांना बाहेर निघायला तीच सांगते. आपल्या चित्रपटात कॅमेरा नायकाच्या डोळ्यांनी मुलीकडे पाहतो, हे इतके अंगवळणी पडले होते की, येथे नजर फिरली आहे हे अनेकांच्या लक्षातही आले नाही. त्यांना केवळ मजा वाटली.

आता त्यातली खोच पाहा. आर्चीची ही धिटाई बाई म्हणून कमावलेली नाही. ती पाटलाची मुलगी आहे, गावात तिला अडवणारा कोणी नाही, बुलेटही त्या वाड्याचीच. तिची आई त्याच वाड्यात राहते आणि तिच्या वाट्याला त्या सत्तेतले काहीही आलेले नाही. आर्ची मासे धरणाऱ्याच्या मुलाचा हात धरते त्या क्षणी तिला कळते की, ही सगळी मोकळीक जातीने उसनी दिलेली होती, आणि मर्जी मोडली की ती परत घेतली जाते. स्त्रीस्वातंत्र्यावरच्या कितीतरी व्याख्यानांत जे नीट सांगता येत नाही, ते मध्यंतरापर्यंत शिट्ट्या वाजवणाऱ्या प्रेक्षकाला येथे उमगते.

पोलीस ठाण्यातला प्रसंग तर मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. बाप परश्या आणि त्याच्या मित्रांवर सामूहिक बलात्काराची खोटी तक्रार लिहून घ्यायला लावतो. म्हणजे मुलीची अब्रू हे जातीच्या हातातील हत्यार. मुलीने फक्त सही करायची. आर्ची ते हत्यार होण्याचे नाकारते आणि त्या पोरांना सोडायला भाग पाडते. स्वतःच्या नावाने कोण काय लिहीत आहे हे विचारणारी नायिका मला दुसऱ्या कोणत्याही मोठ्या मराठी चित्रपटात आठवत नाही.

उत्तरार्धात गाणी थांबतात. हैदराबादच्या झोपडपट्टीत घाण संडासापुढे उभी राहिलेली आर्ची, बाटल्या भरण्याच्या कारखान्यात काम करणारी, तेलुगू शिकणारी आर्ची, आणि तिच्यावर संशय घेऊन हात उचलणारा परश्या. नाजूक, कविता करणारा, प्रेक्षकांचा लाडका परश्यासुद्धा नवरेपणाच्या वळणावर जातोच, हे दाखवायला धैर्य लागते, कारण तिकीट त्याच्या प्रेमापोटी काढलेले असते. ती घर सोडून गाडीत बसते, पण परत येते. यावर कावेरीताई आक्षेप घेतील आणि त्यांचा तो आक्षेप मला मान्य आहे. परतण्याचे कारण चित्रपटाने पुरेसे दिलेले नाही.

आणि शेवट. काही वर्षांनी आर्ची आईला फोन करते, लेकराला बोलायला लावते. आई-लेकीच्या त्या एवढ्याशा धाग्याला धरून भाऊ आणि नातलग घरापर्यंत पोहोचतात, आईने पाठवलेल्या वस्तू घेऊन, आणि आर्ची-परश्याचा खून करतात. बायकांमधली मायासुद्धा घरातल्या पुरुषांच्या हाती पडू शकते, हे पाहताना 'झिंगाट'वर नाचलेले चित्रपटगृह चिडीचूप झालेले मी पाहिले आहे. त्या प्रेक्षकांत त्या भावासारखेही पुष्कळ जण होते, आणि त्यांना त्या खुर्चीपर्यंत आणले होते गाण्यांनीच. मोजक्या लोकांसाठी काढलेल्या चित्रपटाकडे ही मंडळी फिरकलीही नसती.

याच कथेचा २०१८ चा हिंदी अवतार 'धडक' मुद्दाम ताडून पाहावा. त्यात जातीचा उच्चार जवळजवळ पुसला आहे आणि शेवटी मुलगी जिवंत राहते, नवरा आणि मूल मारले जातात. जात काढल्याबरोबर मुलीचे बंडही मवाळ झाले आणि उरली ती एक दुःखी प्रेमकथा. पैसा मोठा झाला की काय कापले जाते, ते इतके स्वच्छ दुसरीकडे दिसणार नाही.

कावेरी_म

उजनीकाठ, 'सैराट' माझ्या कसोटीला उतरतो हे मी मान्य करते. कोणाचे काय गेले, या प्रश्नाचे उत्तर त्या बाळाच्या रक्ताळलेल्या पावलांत आहे. परतण्याविषयीचा माझा आक्षेप तुम्हीच नोंदवल्यामुळे मी पुढे जाते.

त्या चित्रपटातील मला सर्वांत स्वतंत्र वाटणारी बाई आर्ची नव्हे, सुमनअक्का आहे. डोशाचा गाडा चालवणारी, स्वतःचे पोट स्वतः भरणारी, दोन अनोळखी पोरांना गुंडांपासून सोडवून आसरा देणारी. ती भूमिका छाया कदम यांनी केली होती. २०२४ मध्ये किरण राव यांचा 'लापता लेडीज' आला, त्यातही रेल्वे फलाटावर स्टॉल चालवणारी, नवरा आणि मुलगा यांना सोडून एकटी राहणारी मंजूमाई छाया कदमच आहेत. दोन वेगळे दिग्दर्शक, दोन वेगळ्या भाषा, आणि मोकळी बाई दोन्हीकडे रस्त्याच्या कडेला, स्टोव्हच्या मागे, दुय्यम भूमिकेत. नायिकेला धीर द्यायचा, चार शहाणपणाच्या गोष्टी सांगायच्या आणि कथेतून बाजूला व्हायचे. नायिका मात्र शेवटी कोणत्या ना कोणत्या घरात पोहोचली पाहिजे. मंजूमाईने नवऱ्याला बाहेर काढले तो दिवस कसा होता, हे मध्यभागी ठेवून कोणी चित्रपट काढत नाही. गल्लाभरू चित्रपटाची हद्द मला तेथे दिसते.

तिसरी_घंटा

कावेरीताई, कडेच्या आणि मधल्या बाईविषयी तुम्ही लिहिलेत त्याला एक जुनी जोड देतो. 'कुंकू'ची नीरा म्हणून ज्यांनी घराघरांत नकाराचे धडे दिले, त्या शांता आपटे १९३९ मध्ये प्रभातच्याच दाराशी उपोषणाला बसल्या होत्या. करारावरून कंपनीशी झालेला तो वाद होता. पुढच्याच वर्षी त्यांनी 'जाऊ मी सिनेमात?' हे पुस्तक लिहून या धंद्यात माणसांना कसे राबवले जाते ते उघडपणे मांडले. स्त्रीच्या हक्कांवर आपल्या काळातील सर्वांत धाडसी चित्रपट काढणारी संस्था आणि तिच्या फाटकाशी उपाशी बसलेली तिची नायिका, दोन्ही एकाच वेळी खरे आहे. म्हणून 'कुंकू'चा संदेश खोटा ठरतो असे मी म्हणणार नाही. उलट, नीरेची भूमिका करताना बाईंना काही सापडले असावे, असा माझा तर्क आहे. रानजाईताई, तुमच्या बैठकीत चित्रपटाबरोबर त्या पुस्तकावरही बोलावे असे सुचवतो.

पडदा_७०

कावेरीताईंच्या प्रश्नाला व्यवहाराच्या बाजूने उत्तर देऊन थांबतो. मंजूमाईचा चित्रपट कोणी काढला तर मी तो लावेन. अडचण निर्मात्याइतकीच वेळेची आहे. मराठी चित्रपटांना बहुपडदा चित्रपटगृहांत दुपारी बारा ते रात्री नऊ यांदरम्यानचा खेळ मिळावा, म्हणून २०१५ मध्ये राज्य सरकारला हस्तक्षेप करावा लागला होता. नाव नसलेल्या नायिकेचा चित्रपट आजही सकाळी दहाच्या किंवा रात्री साडेदहाच्या खेळाला ढकलला जातो, आणि 'बाया आल्या नाहीत' असा शेरा मारून शुक्रवारी उतरवला जातो. सकाळी दहा वाजता बाई डबे भरून नुकती मोकळी झालेली असते आणि रात्री साडेदहाला तिने एकटीने बाहेर पडणे अजूनही घरात पटत नाही. 'बाईपण'ला आम्ही दुपारी साडेबारा आणि साडेतीनचे खेळ सलग दिले होते. मंजूमाईलाही मी साडेतीनचाच देईन, फक्त दोन आठवडे तो उतरवायचा नाही एवढे वितरकाने मान्य करावे.